धागा: गोविंदराव टेंब्यांची कारकीर्द दोन तासांत कशी बसवायची? (पेटी, चाली आणि कंपनीचा कारभार)

काळी_एक

गोविंदराव टेंब्यांवर कोल्हापुरात दोन तासांचा सप्रयोग कार्यक्रम बसवायचा आहे. दीडशे खुर्च्यांचं सभागृह, एक गायक, एक गायिका, पेटी, तबला आणि निवेदक. मध्यंतर ठेवायचं नाही.

आराखडा सध्या सरळ काळाच्या क्रमाने केलाय. जन्म ५ जून १८८१, बालपण कोल्हापुरात, बहुतेक स्वशिक्षित पेटीवादक. देवल क्लब या कोल्हापूरच्या संगीतसंस्थेतल्या बैठकांमुळे रागसंगीताशी ओळख, मग गायक भास्करबुवा बखल्यांची साथ, जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं जवळून ऐकणं. १९११ ला 'मानापमान' नाटकाच्या चाली. १९१३ ला बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी, १९१५ ला स्वतःची शिवराज मंडळी. १९३२ ला प्रभात फिल्म कंपनीचा बोलपट 'अयोध्येचा राजा'. मग लेखन, आणि ९ ऑक्टोबर १९५५ ला निधन.

अडचण अशी की हे सगळं सलग सांगायला गेलं तर निवेदनच सव्वा तास होतं आणि गाण्याला जागा उरत नाही. काय गाळावं? पेटी कोणती घ्यावी? चाली मूळ रूपात कशा दाखवाव्यात? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

नांदी

क्रम बदला. जन्मतारखेने सुरू झालेला कार्यक्रम पहिल्या दहा मिनिटांत बसतो. पडदा उघडला की पेटीचा सोलो, एक शब्दही न बोलता. गोविंदरावांच्या तिन्ही कामांचं मूळ पेटीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच व्हावी.

आणि सर्वांत जास्त वेळ 'मानापमान'ला द्या, किमान ३५-४० मिनिटं. खाडिलकरांचं हे नाटक किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ ला रंगभूमीवर आणलं. त्याआधीच्या नाटकांतली पदं साकी, दिंडी, कीर्तनी आणि कर्नाटकी वळणाच्या चालींवर चालायची. गोविंदरावांनी पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी मराठी पदांत आणली. हा फरक नुसता सांगून कुणाला कळणार नाही, तो ऐकवावाच लागेल.

त्यासाठी जुन्या नाटकाची छापील प्रत समोर घ्या. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' असं लिहून मूळ चिजेचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. कामाची गोष्ट तीच. तयार चालीवर शब्द बसवायची तेव्हाची रीत त्या एका ओळीत दिसते. आधी गायिकेने मूळ वळणाची ठुमरी दोन मिनिटं गावी, तबला दादऱ्याच्या सहा मात्रांत. मग तबला न थांबवता गायकाने त्याच वळणाचं पद उचलावं. मध्ये निवेदन नको. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ठुमरीत कुठलं अक्षर येतं आणि पदात कुठलं येतं, हे कानाला आपोआप लागतं. हिंदी बोल 'आ'कारात लांबवता येतात, मराठी शब्द जोडाक्षरावर अडतो, तिथे चालीला मुरड घालावी लागते. ही मुरड कुठे घातली ते ऐकलं की संगीतकार म्हणून हा माणूस काय करत होता ते समजतं.

एक सावधगिरी. धैर्यधराची ('मानापमान'च्या नायकाची) पदं आज आपल्या कानात बसलीयत ती बरीचशी दीनानाथ मंगेशकरांच्या ढंगाची. ती आक्रमक फिरत, तो झपाटा दीनानाथांचा. गायकाने तेच गाऊन दाखवलं आणि निवेदकाने 'ही टेंब्यांची चाल' म्हटलं तर दोघांवरही अन्याय. तालमीत अस्थायीचा, म्हणजे पदाच्या पहिल्या भागाचा, सांगाडा आधी तानांशिवाय बसवा.

भाता

पेटीबद्दल लिहितो.

४२ पट्ट्यांची, साडेतीन सप्तकांची, खर्ज (खालचे) आणि नर (मधले) अशा दोन ओळींच्या सुरांची, म्हणजे पितळी पात्यांची, साधी पेटी घ्या. तीन ओळींची खर्ज-नर-मादी (मादी म्हणजे वरचे सूर) पेटी मोठ्या सभागृहात शोभते, दीडशेच्या सभागृहात मादीचे सूर कानाला टोचतात आणि गायिकेच्या आवाजावर चढतात. स्केल चेंजर शक्यतो टाळा. त्यात षड्ज बदलण्यासाठी पट्ट्यांची अख्खी रांग सरकवायची सोय असते, त्यामुळे पट्ट्यांखालची बसकण कधीच साध्या पेटीइतकी घट्ट राहत नाही, आणि दमट हवेत तिथूनच हवा गळायला लागते. एक गायक, एक गायिका आहे म्हणजे दोन स्वर (दोन वेगळे षड्ज) लागणार. साध्या पेटीवर दोन्ही स्वरांतून वाजवणारा हात शोधा, यंत्र नको.

भात्याची परीक्षा अशी: सगळ्या खुंट्या (पेटीपुढचे ओढायचे दट्टे) बंद करा, आतला भाता हवेने पूर्ण भरा आणि हात सोडा. पंधरा-वीस सेकंद तरी भाता फुगलेला राहिला पाहिजे. लगेच बसला तर कोपऱ्यातलं चामडं किंवा कापडाचा सांधा गेलाय. मग एक खुंटी उघडून पट्टी न दाबता भाता मारा. कुठे बारीक 'सूं' आला तर त्या पट्टीखालची गादी नीट बसत नाही किंवा स्प्रिंग ढिली आहे. ही 'सूं' बैठकीत खपते, माईकपुढे नाही.

आता वादन. गोविंदराव आधी साथ करायचे, पुढे साथ सोडून एकट्याच्या वादनाकडे वळले. त्यामुळे सोलो निवडताना द्रुत लयीत पट्ट्यांवर धावणारं काही ठेवू नका. पेटीतून गाणं कसं काढायचं हा त्यांचा ध्यास होता. पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही, पण मींडेचा भास करता येतो: पहिली पट्टी सुटायच्या आत दुसरी अर्धवट दाबायची, मधल्या पट्टीला बोट निसटतं लावायचं आणि नेमकं त्याच क्षणी डाव्या हाताने भात्याचा दाब कमी करायचा. दाब तसाच ठेवला तर तीन सुटे सूर ऐकू येतात. हे सगळं भात्याच्या हातात आहे. बोटांकडे बघून पेटीवादक निवडणारे इथेच फसतात.

काळी_एक

नांदी, भाता, मनापासून आभार. सुरुवातीचा सोलो पक्का.

एक शंका: नाट्यपदांना ऑर्गन हवा असं दोघातिघांनी सुचवलं. आपल्याकडे एक जुनी पायपेटी, म्हणजे पायाने वाजवायचा ऑर्गन, मिळू शकते. घ्यावी का?

पायपेटी

मिळते म्हणून घेऊ नका. आधी दोन्हींतला फरक समजून घ्या.

हातपेटीत भाता हवा आत भरतो आणि दाबाने ती सुरांतून बाहेर ढकलतो. नाटकातल्या ऑर्गनमध्ये उलटं असतं: पायाने भाते मारले की आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा सुरांतून आत खेचली जाते. म्हणून ऑर्गनचा सूर गोल, मऊ आणि थोडा उशिरा उमटणारा. त्याला धार कमी, पण भराव जास्त. शिवाय दोन्ही हात मोकळे, त्यामुळे डावा हात खालच्या सप्तकात षड्ज धरून ठेवू शकतो. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन का शोभला त्याचं कारण हेच. त्यांच्या स्वराला टेका हवा होता, स्पर्धा नको होती.

पण बैठकीतली साथ आणि सोलो हा हातपेटीचा प्रांत. त्या भागात ऑर्गन आणलात तर गोविंदरावांचं वादन झाकलं जाईल. वापरायचाच तर फक्त नाट्यपदांना वापरा.

जुन्या ऑर्गनला तीन ठिकाणी दगा होतो. पायट्याच्या पट्ट्या कुजतात आणि मधल्या पदात तुटतात. भात्याचं रबरी कापड कडक होऊन घडीवर चिरतं. आणि सुरांच्या खोबणीत धूळ खेचली जाते, कारण हे वाद्य हवा आतच ओढतं. बंद सूर काढून बारीक कोरड्या कुंचल्याने झाडा. तोंडाने फुंकू नका, तोंडाची वाफ पितळेवर बसते आणि सूर पुन्हा अडकतो. हे सगळं करायला जाणता कारागीर आणि निदान दहा-पंधरा दिवस हवेत. तेवढे नसतील तर हातपेटीवर कार्यक्रम करा, बिघडणार काहीच नाही.

खासबाग

मंडळी, पेटी झाली, चाली झाल्या, कारभारावर कुणी बोलंना. काळी_एक, तुमच्या आराखड्यात दोन कंपन्या एका ओळीत उरकल्यात. तसं करू नका.

नाटक कंपनी म्हणजे फिरतं गाव. नट, पडदेवाले, कपडेपट, आचारी, पेटी-तबला-सारंगीवाले, पदं शिकवणारा. खेळ आठवड्याला दोन-तीन, जेवणावळ सातही दिवस. पगारी माणसाला पगार मिळतो, भागीदाराला सगळ्यांचं भागल्यावर उरेल ते. मुक्काम हलवला की रेल्वेभाडं, नव्या गावात थेटराचं भाडं, आणि पहिला खेळ लागेपर्यंत आवक शून्य. पावसाळ्यात गर्दी आटते, खर्च आटत नाही.

१९१३ ला तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी काढली. बालगंधर्वांचा खर्चाचा हात सगळ्यांना ठाऊक आहे: खरे शालू, अस्सल अत्तर, दिमाखदार देखावे. प्रेक्षकाला ते सुख होतं, हिशोबाच्या वहीला नव्हतं. पुढे त्याच कंपनीत तबल्याला थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. असली साथ पदरी ठेवायची म्हणजे काय खर्च असंल, विचार करा. गोविंदराव दोन वर्षांत बाहेर पडले आणि १९१५ ला शिवराज मंडळी काढली. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर कोल्हापुरात उभं राहिलं तेही १९१५ सालीच. आज ज्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो आणि जे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, तेच.

निवेदनात एवढं जरूर यावं की शिवराजमध्ये मालक, नट आणि संगीतकार हा एकच माणूस होता. सकाळी तालीम, दुपारी घेणेकरी, रात्री तोंडाला रंग. यातलं कुठलं तरी एक काम मागं पडणारच.

नांदी

खासबाग, नाट्यगृहाचा उल्लेख हवाच. पण 'दोन वर्षांत बाहेर पडले' याचं कारण खर्चावर ढकलू नका. भागीदारी मोडली एवढंच निवेदनात ठेवा. मोठ्या माणसांच्या भांडणावर पंधरा मिनिटं घालवण्यापेक्षा कंपनी चालते कशी, हे तुम्ही लिहिलंय तेच वाचून दाखवलं तर जास्त मोल आहे.

दुसरं, केवळ मालक म्हणून त्यांनी पदरमोड केली असं चित्र उभं राहायला नको. त्यांनी स्वतः धैर्यधराची भूमिका केली, नाटकं लिहिली. रंगमंचावर उभं राहून स्वतःची चाल गाणाऱ्या संगीतकाराला कुठली जागा नटाला झेपत नाही हे लगेच कळतं. पेटीवर बसून ते कळत नाही. मालकीपेक्षा हा अनुभव चालींच्या जास्त उपयोगी पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

खासबाग

मान्य. कारण गाळा, रीत ठेवा.

बोलपट_बत्तीस

'अयोध्येचा राजा'साठी १५ मिनिटं ठेवा आणि त्यात गोष्ट सांगू नका, ध्वनिमुद्रण कसं होई ते सांगा.

प्रभात १९२९ ला कोल्हापुरातच निघाली, पुण्याला गेली १९३३ ला. म्हणजे हा बोलपट इथला. दिग्दर्शन शांतारामबापूंचं (व्ही. शांताराम), तारामती दुर्गा खोटे, हरिश्चंद्र स्वतः गोविंदराव आणि संगीतही त्यांचंच. 'आलम आरा' मार्च १९३१ चा, त्यामुळे बोलपटाचं संगीत कसं करायचं याचा धडा कुणाकडेच नव्हता.

तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, ते हिंदुस्थानात १९३५ ला आलं. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून गायचा आणि चित्र-आवाज एकाच वेळी टिपला जायचा. वाजवणारे चौकटीच्या बाहेर बसायचे. आवाजाचा समतोल नंतर दुरुस्त करायची सोय नाही, त्यामुळे तो जागेवर साधायचा: पेटी जोरात येत असेल तर पेटीवाल्यालाच दोन हात मागे सरकवायचं, गाणारा हळू असेल तर माईक पुढे आणायचा, पण चौकटीत दिसू द्यायचा नाही. एक सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. नाटकात तीच चाल 'वन्स मोअर'ला वेगळी गाता येते, इथे प्रत्येक खेपेला तीच आणि तेवढ्याच लांबीची हवी. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकात पद दहा मिनिटं खुलवायची सवय असलेल्या माणसाने ते तीन मिनिटांत आणणं, हे संगीतकाराचं वेगळंच काम आहे.

हे रंगमंचावर दाखवता येतं. एकच माईक मधोमध उभा करा, बाकीचे सगळे बंद. गायक माईकपासून एक हातावर, पेटी पाच हातांवर, तबला सात हातांवर. एक कडवं गाऊ द्या. मग पेटी दोन हातांवर आणा आणि तेच कडवं पुन्हा. गायकाचे शब्द बुडालेले प्रत्येकाला ऐकू येतील. ध्वनिव्यवस्थापकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने आवाज सावरत बसेल आणि दाखवायचं तेच पुसलं जाईल.

श्रुती_बावीस

पेटीचा विषय निघालाय तर तिच्यावरचा आक्षेपही यायला हवा. एरवी कार्यक्रम एकतर्फी होईल.

आजच्या पेटीचे बारा सूर समान अंतरावर लावलेले असतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गांधार ४०० वर, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार ३८६ वर. धैवत ९००, हवा ८८४. कोमल गांधार ३००, हवा ३१६. पंचम मात्र ७००, हवा ७०२. तिथे कुणाची तक्रार नाही. काळी एकला (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला) षड्ज धरला तर सेकंदाला २७७.२ कंपनं, खरा गांधार ३४६.५, पेटीचा ३४९.२. गायिका गांधारावर स्थिर राहिली आणि पेटीनेही तोच धरला की सेकंदाला अडीच-तीन हेलकावे ऐकू येतात. प्रेक्षकांना आकडे सांगू नका, हे हेलकावे ऐकवा. गायिकेला गांधारावर आठ सेकंद थांबवा, आधी नुसता तंबोरा, मग पेटी.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमंट्स या इंग्रज साहेबांनी याच कारणासाठी श्रुतींची (सप्तकात बारापेक्षा जास्त बारीक स्वर असलेली) पेटी करवली होती. आकाशवाणीवर जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने, जो दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळत होता, पेटीविरुद्ध लिहिलं. तो १९३९ ला गेला आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. ही बंदी सैल झाली १९७१ ला. म्हणजे गोविंदरावांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं त्यांचं वाद्य रेडिओबाहेर होतं. एवढी एक गोष्ट निवेदनात आली पाहिजे, आणि तीही पेटी समोर असताना.

पेटीवाले ज्याला गांधार ट्यूनिंग म्हणतात ते करून एका षड्जापुरती पेटी गोड करता येते. पण मग ती पेटी त्या एका षड्जाचीच राहते. तुमच्याकडे गायक आणि गायिका दोन स्वरांत गाणार, म्हणजे दोन पेट्या लागतील. त्यापेक्षा साथीला बसणाऱ्याने ठहरावाच्या गांधार-धैवतावर पट्टी सोडून द्यावी, षड्ज-पंचमावर परत भेटावं. चांगले साथीदार हेच करत आलेत.

भाता

श्रुती_बावीस यांचं शेवटचं वाक्य साथीदाराला तालमीआधी वाचून दाखवा.

एक भर: कार्यक्रमाच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक तंबोरा पेटीला लावा, पेटी तंबोऱ्याला नव्हे. जुनी पेटी दहा-वीस सेंट इकडे-तिकडे असते. तंबोऱ्याची कळ फिरवायला दहा सेकंद, पेटीचा एक सूर घासायला दहा मिनिटं. आणि ऐनवेळी घासणं नकोच. सुराच्या पात्याचं टोक खरवडलं की तो चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. जास्त खरवडलं की पातं पातळ होऊन दाबाखाली आवाज फाटतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

काळी_एक

सगळ्यांचं वाचून नवा आराखडा. सुरुवातीला १२ मिनिटं सोलो, निवेदनाशिवाय. मग १३ मिनिटं देवल क्लब, भास्करबुवा आणि अल्लादियाखाँसाहेब. यात गायक जयपूरच्या वळणाची एक मध्यलय चीज गाईल आणि पेटी फक्त मागून येईल. 'मानापमान' ४० मिनिटं, चार जोड्या, प्रत्येकीत आधी ठुमरी-दादरा आणि लगेच पद. कंपनीचा कारभार १५, त्यात खासबाग यांची रीत आणि मध्ये एक पद. बोलपट १५, एका माईकचा प्रयोग. गांधाराचे हेलकावे आणि रेडिओची बंदी १०. शेवटी १५ मिनिटं पुन्हा सोलो. बेरीज १२०. ऑर्गन सोडला.

तारीख जुलैत मिळतेय. चालेल का?

नांदी

चार जोड्यांच्या तीन करा. टाळ्या, तबला जुळवणं आणि गायकाने मनापासून लांबवलेलं एखादं पद, यांत आठ मिनिटं सहज जातात. बाकी उत्तम.

भाता

जुलै म्हणजे आपल्याकडे भर पाऊस. चालेल, पण पेटीची तयारी वेगळी.

आठ दिवस आधीपासून पेटी खोक्यात, कापडात गुंडाळून, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या टाकून ठेवा. पुड्या कापडी पिशवीत घाला, दाणे सांडून सुरात गेले तर पंचाईत. भाता बंद करूनच ठेवा, उघडा राहिला तर घड्यांत दमट हवा बसते. लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींना घासायला लागल्या तर लगेच रंधा-कानस घेऊ नका. हवा सुकली की त्याच पट्ट्या खुळखुळतील. दोन पट्ट्यांमध्ये पोस्टकार्डाची कड वरून खाली चारदा फिरवा, बहुतेक वेळा भागतं. तेल किंवा पावडर अजिबात नको.

सभागृहात वातानुकूलन असेल तर पेटी दोन तास आधी नेऊन उघडी ठेवा. रिक्षातून ओल्या हवेतली पेटी थेट थंड सभागृहात नेली की हवा एकदम बदलते आणि पहिल्या दहा मिनिटांत सूर स्थिर राहत नाहीत. तुमची सुरुवातच सोलोने आहे, ते विसरू नका. माईक पट्ट्यांच्या बाजूने, वरून हातभर अंतरावर लावा. भात्याच्या बाजूने लावला तर प्रत्येक वेळी भाता मारताना हवेचा फुस्स ऐकू येईल.

आणि एक दुसरी पेटी, त्याच स्वराला लावलेली, विंगेत झाकून ठेवा.